झाकण घट्ट होतं, मग अळ्या आल्या कुठून?

वाचकाचं पत्र, थोडं कापून:

"बाई, नमस्कार. मी डोंबिवलीला राहते. घरात आम्ही दोघं, आठ वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. मे महिन्यात चुलतदिराच्या लग्नाला चिपळूणला गेलो होतो. निघायच्या दिवशी, बुधवारी, दुपारी कोळंबी केली होती. गडबडीत ओला कचरा घंटागाडीला द्यायचा राहिला. पण डब्याचं झाकण घट्ट लावलं होतं, खिडक्या बंद होत्या, दाराला कुलूप. रविवारी रात्री परत आलो तर डब्यात पांढऱ्या अळ्यांचा नुसता बुजबुजाट! काही तर डब्याबाहेर पडून भिंतीच्या कडेनं सिलिंडरकडे चालल्या होत्या. दोन दिवस मला धड जेवण गेलं नाही. ह्यांनी 'तुझं लक्षच नसतं' म्हणून ऐकवलं ते वेगळंच. सासूबाई म्हणतात, कोळंबीच ती, कुजली की तिच्यात आपोआप किडे पडतात. घर बंद असताना माशी कुठून येईल? सगळं फिनेलनं धुतलं, तरी पुढच्या रविवारी स्वयंपाकघराच्या खिडकीवर पंधरा-वीस मोठ्या हिरव्या-निळ्या माशा. सिलिंडरच्या मागे तपकिरी, गुळगुळीत, मोठ्या तांदळाएवढे दाणे सापडले. ती झुरळाची अंडी का? त्यातच मुलानं अर्धा आंबा खाल्ल्यावर आत अळी दिसली. त्याच्या पोटात जंत होतील का? आणि पुण्याची नणंद बाल्कनीत खत करते, ती म्हणते अळ्या चांगल्या असतात. मला तर काही कळेनासं झालंय."

— एक वाचक, डोंबिवली

ताई,

सासूबाईंच्या तोंडच्या एका शब्दावर आधी बोट ठेवते. "किडे पडतात." आपण सगळेच असं म्हणतो. जखमेत किडे पडले, पिठात अळ्या पडल्या, आणि भांडण फारच पेटलं तर "तुझ्या जिभेला किडे पडोत." पाऊस पडावा, गारा पडाव्यात, तसे किडे पडतात. कुणी टाकले, कुठून आले, याचा त्या क्रियापदात पत्ताच नाही. कोंबडी अंडं घालते, गाय विते, कुत्री पिल्लं देते. माशीला मात्र आपल्या भाषेनं आईपण दिलेलंच नाही. त्यामुळे सासूबाईंवर चिडू नका. त्या जे म्हणतात ते आपण रोजच्या बोलण्यात म्हणतच असतो.

तुमच्या डब्यात काही पडलं नाही. बुधवारी दुपारी एका माशीनं अंडी घातली. बहुधा एकाच माशीनं, आणि तीही झाकण लागायच्या आधी.

बुधवारची दुपार आठवून बघा. कोळंबी सोलायला बसलात तेव्हा टरफलं कुठे ठेवली होती? ताटलीत, ओट्यावर, किंवा सिंकमध्ये. खिडकी उघडी असणार, कारण वास कोंडतो. सोलून, धुऊन, मग कालवणाला फोडणी देऊन होईपर्यंत ती टरफलं अर्धा तास, पाऊण तास तशीच. मासळीचा वास पकडायला या माशीला मिनिटंही लागत नाहीत. ती येते, पायांनी चाखते (हो, माशीला चव पायांनी कळते), आणि जागा पटली की पोटाचं टोक दुर्बिणीच्या नळीसारखं लांब करून टरफलाच्या बेचक्यात, डोक्याच्या पोकळीत, जिथं ओल टिकेल तिथं अंडी सोडते. तुमची माशी ज्या जातीची आहे ती एका बैठकीला दोनशे-तीनशे अंडी घालते. दिसायला कशी? जाड रव्याची चिमूट सांडल्यासारखी. ओल्या टरफलांत ती कुणाला दिसणार? तुम्ही ती ताटली डब्यात उलटी केलीत, झाकण दाबून लावलंत आणि कुलूप घातलंत. माशी बाहेर राहिली. तिचं काम आत राहिलं.

आता पुढचा हिशेब मे महिन्याच्या उकाड्यातला. अंडी फुटायला एक दिवस पुरतो, कधी त्याहूनही कमी. म्हणजे गुरुवारी दुपारपर्यंत डब्यात दोन मिलिमीटरच्या अळ्या होत्या. अळी दोनदा कात टाकते आणि प्रत्येक वेळी आधीपेक्षा कितीतरी मोठी होते. रविवारी रात्री तुम्ही झाकण उघडलंत तेव्हा त्या सव्वा सेंटीमीटरच्या आसपास असतील. घर बंद असणं त्यांच्या पथ्यावरच पडलं. वारा नाही, ऊन नाही, टरफलं सुकली नाहीत. कोरड्यात ठेवली असती तर अंडी तिथंच सुरकुतून मेली असती.

हाच हिशेब उलट्या बाजूनं करून पोलीस तपासात मृत्यूची वेळ काढतात, हे तुम्ही कुठेतरी वाचलं असेल. प्रेतावरच्या अळ्या केवढ्या झाल्यात, किती गरमी होती, यावरून माशी पहिल्यांदा केव्हा बसली ते मागे मोजत जायचं. मी तुमच्या डब्याचं शवविच्छेदन करतेय म्हणा ना.

मला हे सगळं पुस्तकातून आधी कळलं, पण पटलं एका बादलीमुळे. नोकरीला नुकती लागले होते, ज्युनियर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायला. शनिवारी प्रात्यक्षिकात मासे कापून झाले आणि उरलंसुरलं सगळं एका बादलीत. संध्याकाळी झाकण लावून आम्ही घरी. सोमवारी सकाळी झाकण उचललं आणि मी, माशीचं जीवनचक्र फळ्यावर रंगीत खडूनं काढणारी बाई, किंचाळले. "झाकण तर होतं!" मी म्हणाले. प्रयोगशाळेतले मामा शांतपणे म्हणाले, "बाई, झाकण संध्याकाळी लावलं. दुपारभर बादली उघडीच होती की." चार वर्षांचं शिक्षण एका वाक्यात. त्यानंतर मी फळ्यावर जीवनचक्राचा गोल काढताना 'अंडी' या शब्दाशेजारी घड्याळ काढायला लागले.

झाकणाबद्दल आणखी एक. 'घट्ट' झाकणही बहुतेकदा आपल्या दृष्टीनं घट्ट असतं. आत शिरता आलं नाही तर माशी फटीच्या तोंडाशी, डब्याच्या काठावर, जिथून वास येतो तिथंच अंडी लावून जाते. फुटल्यावर दोन मिलिमीटरची अळी त्या फटीतून आत जायला मोकळी. म्हणून डबा धुताना पोटापेक्षा काठ आणि झाकणाच्या आतली खाच घासा. खरी चोरवाट ती आहे.

सासूबाईंना मात्र सांगा की त्यांच्या बाजूला फार मोठी माणसं होती. आपल्याकडे जीवांचे चार प्रकार सांगतात: जरायुज, अंडज, स्वेदज, उद्भिज्ज. वारेतून जन्मलेले, अंड्यातून, घामातून किंवा वाफेतून, आणि जमीन फोडून वर येणारे. यातल्या स्वेदजांत जुन्या ग्रंथांनी डास, उवा, ढेकूण यांच्यासोबत माशीही घातली आहे. तिकडे ग्रीसमध्ये ॲरिस्टॉटलही तेच मानत होता आणि त्याच्यानंतर दोन हजार वर्षं युरोप तेच मानत राहिला. डोळ्यांना जे दिसतं त्यावरून तर्क चुकीचाही नव्हता. काल मांस होतं, आज त्यात अळ्या आहेत, मधे कुणी आलेलं पाहिलं नाही. मग मांसातूनच आल्या!

हा तर्क मोडला तो १६६८ मध्ये, फ्लॉरेन्समध्ये. शिवरायांच्या राज्याभिषेकाला अजून सहा वर्षं होती. तिथल्या मेदिची सरदारांच्या दरबारी फ्रांचेस्को रेदी नावाचा वैद्य होता. त्यानं काय केलं ते तुमच्या डब्याशी ताडून बघा. रुंद तोंडाच्या बरण्या घेतल्या. एकीत साप, एकीत मासे, एकीत आर्नो नदीतल्या बामी, एकीत वासराचं मांस. चार बरण्या बंद केल्या आणि तसंच भरून चार उघड्या ठेवल्या. उघड्यांत माशा ये-जा करत राहिल्या आणि अळ्या झाल्या. बंद बरण्यांत सगळं कुजलं, पण अळी एकही नाही. लोक म्हणाले, तुम्ही हवाच कोंडलीत, जीव जन्मणार कसा? (सासूबाईही हेच म्हणतील, लिहून ठेवा.) तेव्हा त्यानं बरणीच्या तोंडाला नेपल्सचं तलम जाळीदार कापड बांधलं. हवा आत जाते, वास बाहेर येतो, माशी तेवढी आत जात नाही. माशा कापडावर घोटाळल्या आणि काहींनी अंडी-अळ्या कापडावरच सोडल्या. आत मांस सडत होतं, अळ्या वर कापडावर. इतका सोपा प्रयोग, जो कुठलीही गृहिणी लोणच्याच्या बरणीला फडकं बांधून रोज करते, तो करायला माणसाला दोन हजार वर्षं लागली.

गंमत म्हणजे हाच रेदी झाडाच्या गाठींत सापडणाऱ्या किड्यांबद्दल मात्र चुकला. ते झाडातूनच तयार होतात असं त्याला वाटायचं. म्हणून म्हणते, सासूबाईंना हसू नका.

आता तुमच्या खिडकीवरच्या हिरव्या-निळ्या माशा. वर्णनावरून आणि कोळंबीवरून माझा कयास असा की ही क्रायसोमाया मेगासेफाला, म्हणजे 'मोठ्या डोक्याची'. चकचकीत अंग, लालभडक मोठे डोळे. मासळी बाजारात, वाळत घातलेल्या बोंबलांवर घोंघावणारी हीच. घरातली साधी करडी माशी वेगळी. ती एका खेपेला शंभर-सव्वाशे अंडी घालते, आयुष्यात पाच-सहा खेपांत मिळून पाचशेच्या आसपास, आणि तिला कोळंबीच लागते असं नाही. शेण, ओला कचरा, नासलेला भात, काहीही चालतं. तिसरी एक राखाडी, पाठीवर काळे पट्टे असलेली माशी आहे. ती अंडी घालतच नाही, पोटातच अंडी फोडून सरळ जिवंत अळ्या टाकते. तिच्या बाबतीत 'अळ्या पडल्या' हे आपलं मराठी अगदी अचूक आहे!

माशांचा संसारही सांगून टाकते. नर माशी फार चोखंदळ नसतो, उडणाऱ्या माशीएवढ्या कशाच्याही मागे लागतो. घरमाशीची मादी मात्र बहुधा आयुष्यात एकदाच नराला जवळ येऊ देते. त्या एका भेटीतलं वीर्य ती पोटातल्या तीन इवल्या पिशव्यांत साठवून ठेवते आणि पुढच्या सगळ्या खेपा त्यावर निभावते. नराच्या वीर्यातच असं काही असतं की त्यानंतर तिची दुसऱ्या नराकडे जायची इच्छा संपते. साखरेच्या पाण्यावर ती जगू शकते, पण अंडी भरायला तिला प्रथिनं लागतात. म्हणून गुळाच्या ढेपेवर बसलेली माशी आणि कोळंबीच्या टरफलावर बसलेली माशी यांत फरक आहे. पहिली जेवायला आलेली असते. दुसरी बाळंतपणाची जागा शोधत असते.

आणि छोटी माशी म्हणजे माशीचं पिल्लू नव्हे. माशी कोषातून बाहेर पडते ती पूर्ण वाढलेलीच, त्यानंतर एक कणही वाढत नाही. वाढायचं सगळं काम अळीनं करून ठेवलेलं असतं. केळ्यांभोवती फिरणारी चिलटं ही वेगळी जात, त्यांना मोठ्या माशीची लेकरं समजू नका.

एखादी अळी मुलाला भिंगातून बघायला मिळाली तर मागच्या बोथट टोकाला दोन काळपट ठिपके दिसतील. सगळी मुलं त्यांना डोळे समजतात, माझे विद्यार्थीही समजायचे. ती श्वासाची भोकं आहेत. तोंड दुसऱ्या, टोकदार बाजूला, आणि तिथं दोन काळ्या आकड्या. डोळे नाहीत, पाय नाहीत. आकड्यांनी अन्न ओरबाडायचं, लाळेनं त्याचं पाणी करायचं, तोंड खाली खुपसून प्यायचं आणि शेपटाकडून श्वास घ्यायचा. खाणं आणि श्वास यांत एकमेकांची अडचण नाही. किळस बाजूला ठेवून पाहिलं तर इतकी नेटकी रचना दुसरी सापडायची नाही, पण तुमच्याकडून आत्ता एवढी अपेक्षा मी करत नाही.

अळ्या सिलिंडरकडे का चालल्या होत्या, हा तुमच्या पत्रातला सगळ्यात चांगला प्रश्न, आणि तो तुम्ही विचारलेलाच नाही. पोट भरलेली अळी एकदम उलट वागू लागते. आतापर्यंत ओल हवी होती, आता कोरडं हवं. आतापर्यंत घोळक्यात होती, आता एकटीनं अंधारात जायचं. ती उजेड टाळत भिंतीच्या कडेनं सरकते आणि सिलिंडरमागे, फ्रिजखाली, पायपुसण्याच्या घडीत शिरून आक्रसते. तिचीच कातडी कडक होऊन लालसर तपकिरी कवच होतं. तुमचे 'मोठ्या तांदळाएवढे गुळगुळीत दाणे' ते हेच. कोष. झुरळाची अंडी नव्हेत. झुरळाच्या अंड्यांची पिशवी चपटी असते, छोट्या पर्ससारखी, एका कडेला शिवण असलेली.

तुम्ही रविवारी रात्री डबा घासलात, फरशी फिनेलनं पुसलीत. पण तोवर दहा-वीस अळ्या सिलिंडरमागे पोचल्या होत्या, आणि एकदा कवच कडक झालं की फिनेलचं पोतेरं त्यांना काही करत नाही. चार-पाच दिवसांत आत माशी तयार. बाहेर पडताना ती कपाळावर एक फुगा फुगवते. अक्षरशः, डोक्यातून रक्त ढकलून फुगवलेली पिशवी. तिच्या जोरानं कवचाचं टोपण उडवते आणि बाहेर येते. मग तो फुगा कायमचा आत. बुधवारपासून मोजा. पुढच्या रविवारी अकरा दिवस झाले होते. तुमच्या माशा अगदी वेळेवर आल्या. त्या बाहेरून आल्या नाहीत, म्हणून तर खिडकीच्या काचेवर आतून आपटत होत्या.

'ह्यांच्या' बोलण्याबद्दल. हा अस्वच्छतेचा मामला नाही, वेळेचा आहे. रोज लादी पुसणाऱ्या घरात चार दिवस मासळीचा कचरा राहिला तर अळ्या होतील, आणि गलथान घरातून कचरा रोज गेला तर होणार नाहीत. डबा खाली नेऊन देणं हे कौशल्याचं काम नव्हे, घरातल्या कुठल्याही दोन हातांना जमतं. त्या बुधवारी गाडी पकडायची घाई चौघांनाही होती. हे पत्र त्यांच्या चहाच्या कपाशेजारी ठेवा.

मुलाच्या पोटाची काळजी सोडा. आंब्यातली अळी म्हणजे जंत नव्हे आणि ती पोटात गेली तरी जंत होत नाही. जंत हे वेगळे प्राणी, त्यांची अंडी विष्ठेनं दूषित झालेल्या मातीतून, न धुतलेल्या हातांतून, भाज्यांतून पोटात जातात. फळमाशीची अळी आपल्या जठरात टिकाव धरत नाही. उलट्या, पोटदुखी असं काही झालंच तर डॉक्टरांना दाखवा, एरवी विसरून जा. नकळत आपण सगळ्यांनीच अशा दोन-चार खाल्ल्या असतील. पेरू आवडीनं खाणाऱ्यांनी जास्त.

पण आंब्याला भोक नसताना ती आत गेली कशी? ती गेली नाही, आतच जन्मली. फळमाशीच्या मादीच्या पोटाला सुईसारखं टोक असतं. आंबा झाडावर पिकायच्या बेताला आला की ती सालीत सुई टोचून गरात अंडी सोडते. टोचल्याची खूण एवढीशी, ती फळ पिकताना दिसतही नाही. अळ्या गर खात वाढतात, मग फळ गळून पडतं आणि त्या मातीत शिरून कोष करतात. या अळीला ताटात ठेवा, ती अंगाचं कडं करून टुणकन उडी मारते. तशी मारली असेल तर फळमाशीच. कोयीतून निघणारा काळपट भुंगा मात्र वेगळा. त्याची अळी कोवळ्या कैरीतूनच कोयीत जाते आणि मागची जखम भरून येते.

एवढ्याशा अळीपायी कोकणानं मोठा फटका खाल्लाय. १ मे २०१४ पासून युरोपीय संघानं भारतीय आंब्याला बंदी केली, कारण मालात फळमाश्या सापडत होत्या. हापूसचा ऐन हंगाम गेला. बंदी उठली ती जानेवारी २०१५ मध्ये. युरोपला जाणारा आंबा ४८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर बुडवून ठेवतात, तो आतली अंडी-अळ्या मारण्यासाठी. चिपळूणच्या नातेवाइकांची कलमं असतील तर त्यांच्या बागेत दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा 'रक्षक' सापळा टांगलेला तुम्ही पाहिलाही असेल. त्यातल्या वासाला नर माश्या भुलून येतात आणि अडकतात. नर संपले की माद्यांची अंडी फुकट. आणि बागेत गळलेले आंबे उचलून टाकणं हे सापळ्याइतकंच महत्त्वाचं, कारण पुढची पिढी त्यांतूनच मातीत उतरते.

नणंदबाईही खोटं बोलत नाहीत. खताच्या पिंपात ज्या जाड, राखाडी-तपकिरी, खवल्यांच्या वाटाव्यात अशा अळ्या होतात, त्या बहुधा काळ्या सैनिक माशीच्या. ती माशी सडपातळ, काळी, गांधीलमाशीसारखी दिसते, पण चावत नाही आणि आपल्या ताटाकडे फिरकतही नाही. तिच्या अळ्या ओल्या कचऱ्याचा फडशा पाडतात. तेव्हा पुण्यातल्या अळ्या आणि डोंबिवलीतल्या अळ्या यांची सोयरीक नाही. दोघी आपापल्या जागी बरोबर आहात, हे नणंद-भावजयींच्या बाबतीत क्वचित लिहायला मिळतं.

आता करायचं काय? मासळीची टरफलं-आतडी सोलता सोलताच पिशवीत टाकून तोंड बांधा, ताटलीत उघडी ठेवू नका. त्या दिवशी घंटागाडी चुकली तर ती पिशवी फ्रीझरमध्ये. सासूबाई नाक मुरडतील. त्यांना विचारा, फ्रीझर बरा की परवाची रात्र बरी? बाकी ओल्या कचऱ्याचं पाणी निथळू द्या आणि तळाला रद्दीचे दोन कागद घाला, कारण ओल गेली की अंड्यांचा निम्मा जीव गेला. मे-जूनमध्ये डबा रोज रिकामा. फारच अडचण असेल तर दिवसाआड, पण तिसरा दिवस उजाडू देऊ नका.

पुन्हा कधी अळ्या झाल्याच, तर आधी सगळा कचरा दुहेरी पिशवीत बांधून घराबाहेर काढा, मग रिकाम्या डब्यात उकळतं पाणी घाला. भरल्या डब्यात ओतलं तर वरच्या मरतात आणि खालच्या तळाशी मजेत राहतात. डबा साबणानं घासून उन्हात पालथा घाला. त्याच रात्री सिलिंडर, फ्रिज, धान्याचे डबे हलवून मागची कड झाडून काढा, हे तुमचं राहून गेलं होतं. आणि घाबरून संडास साफ करायचं ॲसिड आणि ब्लीच एकत्र ओतू नका. त्यातून निघणारा क्लोरीन वायू अळ्यांच्या आधी तुमच्या छातीत जाईल.

अळ्यांपेक्षा त्या पंधरा-वीस माशांचा जास्त विचार करा. अळी डब्यात असते, माशी संडासातून, गटारातून उठून पोळीवर येते. तिला घन पदार्थ खाता येत नाही, म्हणून ती पोटातला द्रव पोळीवर ओकून ते चोखते. हगवण, टायफॉइड, कॉलरा यांचे जंतू तिच्या पायांवरून आणि त्या ओकारीतून पसरू शकतात. अन्न झाकून ठेवा हा आजीचा नियम इथं शंभर टक्के बरोबर आहे.

सोसायटीच्या आवारात एखाद्या कुत्र्याच्या किंवा गाईच्या जखमेत अळ्या दिसल्या तर मात्र ते प्रकरण डब्यासारखं समजू नका. तिथं जिवंत मांस खाणाऱ्या माशीची जातही असू शकते, पावसाळ्यात विशेषतः. पशुवैद्याला बोलवा, घरगुती तेलं-पुडी करत बसू नका.

सासूबाईंसाठी एक प्रयोग सुचवते, मुलाच्या सुट्टीत करा. मासळी नको, केळं घ्या. दोन काचेचे पेले गरम पाण्यानं धुऊन घ्या. एक न डागाळलेलं केळं सोला (सालीवर चिलटांची अंडी आधीच असू शकतात, म्हणून साल नको), अर्धं एका पेल्यात, अर्धं दुसऱ्यात. एकाच्या तोंडाला सुती रुमालाची दुहेरी घडी रबरबँडनं ताणून बांधा, दुसरा उघडा. दोन्ही शेजारीशेजारी बाल्कनीत, सावलीत. पेल्यांवर लक्ष ठेवायचं काम सासूबाईंना द्या. आठवड्याच्या आत एका पेल्यात बारीक अळ्या वळवळतील. कुठल्या, ते त्याच सांगतील.

आणि सिलिंडरमागचे ते दाणे अजून टाकले नसतील तर त्यातला एक मुलाच्या तळहातावर ठेवून बघा. हलका लागेल, आतून पोकळ. एका टोकाचं टोपण सुबक गोल उडालेलं असेल, डबीचं झाकण उघडावं तसं. ते सासूबाईंना चष्मा लावून बघायला सांगा.